एल्कसाठी रायफल कुठली घ्यायची? टिक्का टी३एक्स लाइट, .३०-०६ मध्ये : माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू अमेरिकेत कोलोरॅडोतल्या शिकारीच्या रायफलीचा आहे, भारतातल्या नाही. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ते उत्तमच झालं, त्यावर मला वाद घालायचा नाहीये. इकडचा हिशोब वेगळा आहे. कोलोरॅडोत एल्क अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, अडीच लाखांच्या वर, आणि दरवर्षी कुठल्या भागात किती नर किती माद्या मारायच्या ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, तेवढेच परवाने काढतं आणि त्या परवान्यांच्या पैशावरच खात्याचं वन्यजीवांचं बरंचसं काम चालतं. एल्क बघितलं नसेल तर आपलं सांबर डोळ्यासमोर आणा आणि त्याहून थोरलं करा. काश्मीरच्या हंगुलच्या भावकीतलं जनावर, पूर्ण वाढलेला नर सातशे पौंडाचा, म्हणजे तीनशे किलोच्या वर. राहतं नऊ-दहा हजार फुटांवर, जिथे आपल्याला नुसतं चालताना धाप लागते.

ही उंची आणि ही धाप लक्षात ठेवा, कारण रायफल निवडताना बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. सगळी चर्चा कशावर, तर गोळी किती लांब जाते, कितीचं मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस, हजार यार्डावर (यार्ड म्हणजे तीन फूट) गोळी किती खाली पडते. अरे पण हजार यार्डावर मारणार कोण आहे? ज्यांचं आयुष्य या डोंगरात गेलंय तेसुद्धा तीनशेच्या आत गेल्याशिवाय हात घालत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की शिकारीची रायफल ही दिवसभर वागवायची वस्तू आहे, वाजवायची क्वचित, आणि जेव्हा वाजवायची तेव्हा तिच्या धक्क्याला घाबरून डोळे मिटायचे नाहीत. वजन, धक्का, आणि अंगाला बसते की नाही. बाकी सगळं त्यानंतर.

आमचं आजोळ सावंतवाडीकडचं. मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि डुकरं बागेतून पळवायला बार काढायचा, बाकी ती भिंतीवरच. तिकडे ज्यांच्या घरात अशी बंदूक आहे त्यांना माहीत असेल ते धूड काय लांब आणि काय जड असतं. मी रायफल घेतोय म्हटल्यावर मामाने फोनवर किंमत विचारली नाही, कंपनी विचारली नाही, पहिला प्रश्न, "वजन किती रे तिचा?" सांगितलं साधारण तीन किलो. "मग बरी. बंदूक खांद्यार घेवन फिरूचा असता बाबा, बार एकच काढूचो असता." दुकानातल्या माणसाने अर्धा तास बोलून जे सांगितलं नाही ते मामाने एका वाक्यात संपवलं.

दुकानाचं नाव घेत नाही, डेन्व्हरच्या आसपासचं एक मोठं दुकान आहे. काउंटरवरच्या भाऊंनी एल्क शब्द ऐकला आणि थेट .३०० विंचेस्टर मॅग्नम हातात दिली. का, तर म्हणे एल्क चिवट असतो. चिवट असतो हे खरंच आहे, पण हलक्या रायफलीत .३०० मॅग्नम म्हणजे खांद्याला लाथ, आणि नवा माणूस चार गोळ्या झाडून झाल्या की पाचव्याला चाप ओढायच्या आधीच दचकतो. दचकला की गोळी गेली पोटात. पोटात गोळी लागलेला एल्क मैलभर जाऊन झाडीत मरतो, तुम्हाला सापडतही नाही, आणि हे सगळं तुम्ही जास्त ताकदीच्या हौसेपायी केलंत. आकड्यात सांगायचं तर आठ पौंडाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का साधारण वीस फूट-पौंड (हे ऊर्जेचं माप), ६.५ क्रीडमूर या हलक्या काडतुसाचा बारा-तेरा, आणि .३०० विन मॅगचा पंचवीसच्या पुढे. वीसच्या वर गेलं की सवय नसलेल्या माणसाचं नेमाचं गणित बिघडायला लागतं, हा मी नेमबाजीच्या रेंजवर भल्याभल्यांचा बघितलेला प्रकार आहे, सहा फुटी आडदांड गोरे पण डोळे मिटून चाप ओढतात, फक्त कबूल करत नाहीत.

आता काडतुसाचं. .३०-०६, इकडे सगळे थर्टी ऑट सिक्स म्हणतात, १९०६ सालचं अमेरिकन लष्कराचं काडतूस. सव्वाशे वर्षं होत आली याला आणि अजून कुठल्याही गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात याचा डबा मिळतो, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. १८० ग्रेनची गोळी, म्हणजे पावणेबारा ग्रॅम, सेकंदाला साधारण २७०० फुटांनी निघते आणि नळीच्या तोंडाशी २९०० फूट-पौंडाच्या आसपास ऊर्जा देते. कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी काय मागतो, तर गोळी किमान .२४ कॅलिबरची, किमान ८५ ग्रेन, आत गेल्यावर फुलणारी, आणि शंभर यार्डावर हजार फूट-पौंड. म्हणजे .३०-०६ पास होऊन वर मार्क उरतात. दोनशे यार्डावर झीरो केली, म्हणजे तिथे नेम बरोबर लागेल असा स्कोप जुळवला, तर तीनशेला गोळी साधारण आठ-नऊ इंच खाली लागते, चारशेला जवळजवळ दोन फूट. एल्कचा छातीचा जो भाग आपल्याला धरायचाय, हृदय आणि फुप्फुसं, तो चांगला फूटभर रुंद असतो, म्हणजे तीनशेपर्यंत फार डोकं चालवावं लागत नाही, त्याच्या पुढे चालवावं लागतं आणि मी तिकडे जातच नाही.

.३०८ पण चांगलं काडतूस आहे, १९५२ चं, धक्का थोडा कमी. दुसऱ्या कंपन्यांमध्ये .३०८ घेतलं तर ॲक्शन, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारी यंत्रणा, आखूड मिळते, रायफल थोडी आटोपशीर होते. टिक्कात मात्र सगळ्या काडतुसांना रिसीव्हर, म्हणजे ही यंत्रणा बसते तो सांगाडा, एकाच लांबीचा असतो, म्हणून .३०८ घेऊन फारसं काही वाचत नाही. म्हणून मी म्हटलं मग मोठंच घेऊ. ६.५ क्रीडमूरवर सध्या पोरं जीव टाकतात, हरणाला एक नंबर आहे, धक्का तर नाहीच म्हणा, आणि एल्कसुद्धा त्याने नीट पडतो पण मग अंतर कमी ठेवा, गोळी दणकट घ्या, आणि खांद्याच्या हाडावर मारायचा मोह टाळा. बायको किंवा पोरगा-पोरगी नव्याने शिकत असेल तर क्रीडमूरच घ्या, माझा काही विरोध नाही. २७० विंचेस्टर पण आहे, १९२५ पासून एल्क पाडतंय, त्यालाही नाव ठेवायला जागा नाही. सात मिलीमीटरच्या मॅग्नमांचं आणि नव्या पीआरसी वगैरे काडतुसांचं मी काही बोलत नाही, ज्यांना हौस आहे आणि डब्याला लागेल तेवढे पैसे आहेत त्यांनी जरूर घ्यावं.

आता मुद्द्याची वस्तू. टिक्का टी३एक्स फिनलंडमध्ये बनते, रीहिमाकी गावात, साकोच्या कारखान्यात, आणि साको २००० सालापासून इटलीच्या बेरेटाच्या छत्राखाली आहे. टी३ आली २००३ ला, तिच्यात सुधारणा करून २०१६ ला टी३एक्स काढली. मी जे घेतलंय ते लाइट मॉडेल, स्टेनलेस नळी, प्लॅस्टिकचा दस्ता. स्टेनलेस मुद्दाम, कारण इकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सकाळी बर्फ, दुपारी ऊन, परत संध्याकाळी बर्फ, रायफल दिवसभर ओली-सुकी होत राहते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता दिसायला देखणा असतो हो, पण तो घेऊन पावसात उभं राहायचं म्हणजे जिवाला घोर.

मी धंद्याने क्वालिटीतला माणूस, कोल्हापुरात फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवून मग इकडे आलोय, त्यामुळे वस्तू हातात आली की माझा हात आधी मशीनिंगवर जातो. दुकानात ओळीने पाच-सहा रायफली मागून घेतल्या आणि सगळ्यांचा फक्त बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, पुढे-मागे केला. स्वस्तातल्या रायफलीत बोल्ट अर्ध्यात किंचित अडतो, कडेला घासल्याचा खरखर आवाज येतो, टूलच्या खुणा बोटाला लागतात. टिक्काचा बोल्ट, रायफल तोंड वर करून धरली आणि तो सोडला, की स्वतःच्या वजनाने सरकत खाली येतो, मध्ये कुठे थांबत नाही, वळवळत पण नाही. आणि हे पॉलिश-बिलिश नाही, भोक आणि बोल्ट यांच्यातला फरक कारखान्यातच नीट ठेवलाय. ८०० डॉलरच्या आसपासच्या वस्तूत असं काम बघितलं की आपल्या माणसाला बरं वाटतं. बोल्ट उचलायला सत्तर अंशच फिरवावा लागतो, त्यामुळे वर मोठा स्कोप असला तरी बोटं त्यावर आपटत नाहीत, हातमोजे असतानाही.

चाप पण तसाच. फॅक्टरीतून येतो तेव्हाच स्वच्छ तुटतो, आधी रेंगाळणं नाही, नंतर लोंबणं नाही. दोन ते चार पौंडामध्ये आपल्याला हवा तसा करता येतो, एक बारीक ॲलन की लागते. मी तीनच्या आसपास ठेवलाय. दोनवर ठेवायचा मोह होतो पण थंडीत बोटं बधिर असताना, जाड मोज्यात, दोन पौंडाचा चाप मला नको वाटतो.

नेम म्हणाल तर कंपनी तीन गोळ्या शंभर यार्डावर साधारण एक इंचात पडतील याची हमी देते. शिकारीला एवढं पुरे झालं, खरं तर शिकारीला दोन इंचसुद्धा चालतं, जनावराच्या फुप्फुसाला काय फरक पडतोय. पण माझ्या रायफलीला साधी १८० ग्रेनची फॅक्टरी काडतुसं एवढी मानवली की मी पुढे दुसरी शोधलीच नाहीत. नळी हलकी आहे म्हणजे लवकर तापते, चार-पाच गोळ्या लागोपाठ झाडल्या की तिला निवू द्या, हिरवळीवर बसा, चहा प्या. रेंजवर दिवसभर धडाधड वाजवायची असेल तर ही रायफल तुमच्यासाठी नाहीच, जड नळीची घ्या.

आता काय नाही आवडलं. एक म्हणजे मॅगझिन प्लॅस्टिकचं, तीन काडतुसांचं, आणि स्पेअर घ्यायला गेलं तर त्याची किंमत ऐकून माणूस गप्प होतो. प्लॅस्टिक आहे म्हणून तुटतंय असं नाही, चांगलं जाड आहे, पण बर्फात पडलं हातातून तर शोधत बसा, म्हणून मी त्याला खालच्या बाजूने भगव्या रंगाची टेप लावलीय. इजेक्शन पोर्ट, म्हणजे रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी, छोटं आहे, मोजे घालून वरून एकेक काडतूस सारायचं म्हणजे कसरत. दुसरं म्हणजे सेफ्टी. दोनच पोझिशन, मागे केली की चापही लॉक आणि बोल्टही लॉक. म्हणजे चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकातलं) काडतूस काढायचं असेल तर सेफ्टी पुढे ढकलावीच लागते, लाल ठिपका दिसायला लागतो आणि तेव्हाच बोल्ट उघडतो. जुन्या विंचेस्टर ७० ला तीन पोझिशनची सेफ्टी असते, मधल्या पोझिशनला चाप बंद राहून बोल्ट उघडतो, ते डोकं जास्त चांगलं होतं असं मला वाटतं, आणि ते डिझाईन १९३६ च्या रायफलीचं आहे हे विशेष. मी टिक्कात यावर उपाय असा काढलाय की चालताना चेंबर रिकामंच. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. जनावर दिसल्यावर बोल्ट ओढायला दोन सेकंद लागतात, आणि बोल्ट इतका मऊ आहे की आवाज फार होत नाही. पडलेल्या ओंडक्यांवरून चढ-उतार करताना पाय घसरायची वेळ येते तेव्हा रिकाम्या चेंबरचं समाधान वेगळंच असतं.

तिसरं, दस्त्याचा वरचा भाग, जिथे गाल टेकतो तो, थोडा खाली आहे. मोठ्या तोंडाचा, पन्नास मिलीमीटरचा वगैरे स्कोप लावलात तर रिंग्ज, म्हणजे स्कोप धरणारी कडी, उंच लागतात आणि गाल हवेत राहतो, हनुवटी टेकवून बघावं लागतं. म्हणूनच चाळीस मिलीमीटरच्या वर जाऊ नका. आणि दस्त्याची लांबी. ही गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्यातले बरेचसे पाच फूट पाच-सहा इंचवाले, हात आखूड, इकडच्या रायफली सहा फुटी माणसाच्या मापाने कापलेल्या, त्यात वर नोव्हेंबरचं जाड जॅकेट, दस्ता काखेत अडकतो आणि डोळा स्कोपपासून लांब पडतो. टिक्काचा दस्ता त्यामानाने आटोपशीर आहे, मला जॅकेट घालूनही बसला. दुकानात रायफल बघायला जाताना जॅकेट घालून जा, जुलै असला तरी, हसले तर हसू देत. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा, स्कोपमधून पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, मान इकडेतिकडे करायला लागली तर ती रायफल तुमची नाही, मग ती कितीही नावाजलेली असू दे.

बाकीच्यांचं थोडक्यात. रुगर अमेरिकन स्वस्त आहे आणि नेम खोटा नाही, बजेट कमी असेल तर डोळे झाकून घ्या, बोल्ट खरखरीत असला तरी एल्कला काय कळतंय. सॅव्हेज ११० ची ॲक्शन १९५८ ची, चाप चांगला, दिसायला अगदीच कामचलाऊ. ब्राउनिंग एक्स-बोल्ट जपानात मिरोकूकडे बनते, फिनिशिंग टिक्कापेक्षा देखणं, सेफ्टी वरती अंगठ्याखाली येते, पैसे जास्त. वेदरबी व्हॅनगार्ड पण जपानीच, होवाची, मजबूत पण जड. स्पेनची बर्गारा हातात घेऊन बघितली, छान होती, वजनामुळे सोडली. रेमिंग्टन ७०० बद्दल इकडचे म्हातारे हळवे होतात, त्यांच्यासमोर काही बोलू नये.

पैसे कुठे घालायचे ते सांगतो. लोक दोन हजारांची रायफल घेतात आणि वर दीडशेचा स्कोप. उलटं करा. टिक्का घ्या आणि उरलेले पैसे काचेत घाला. मी ल्युपोल्डचा साडेतीन ते दहा पॉवरचा, चाळीस मिलीमीटरचा घेतला, ओरेगॉनमध्ये बनतो, वजनाला हलका. साधा तीन ते नऊवाला पण चालतो. एल्क बाहेर पडतो तो फटफटायला लागल्यावर नाहीतर दिवे लागायच्या वेळेला, त्या अंधुक उजेडात काच स्वस्तातली असेल तर करड्या झाडीत करडं जनावर काही दिसत नाही. पंचवीस पॉवरचे ते भलेमोठे स्कोप लावून लोक डोंगर चढतात, मला कळत नाही कशासाठी. टिक्काच्या रिसीव्हरवर १७ मिलीमीटरची खाच कारखान्यातूनच कापलेली असते, रिंग्ज थेट त्यावर बसतात, वर रेल बसवायची असेल तर भोकंही पाडलेली असतात. स्क्रू टॉर्क रेंचने आवळा, अंदाजाने नाही. कोल्हापूरची सवय म्हणून मी प्रत्येक स्क्रूवर मार्करने रेघ ओढलीय, स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते.

गोळ्यांबाबत एवढंच सांगतो, हरणाची पातळ गोळी एल्कला वापरू नका. नॉसलर पार्टिशन १९४८ पासून आहे, गोळीच्या मध्ये तांब्याची आडभिंत, पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत जातो. किंवा मग पूर्ण तांब्याची घ्या, बार्न्सची वगैरे. मी तांब्याचीच वापरतो, कारण मांस घरी येतं, पोरं खातात, आणि शिशाचे बारीक कण मटणात नकोत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच आहे, तिथे राहात असाल तर पर्यायच नाही. तांब्याची गोळी लांब असते, प्रत्येक नळीला मानवतेच असं नाही, म्हणून आधी एकच डबा घेऊन बघा, एकदम दहा डबे आणून ठेवू नका. वीस काडतुसांचा डबा पन्नास डॉलरच्या घरात जातो, बघून घ्या.

आणि म्हणूनच सराव .२२ वर करा. टिक्काचीच टी१एक्स नावाची .२२ येते, हातात घेतली की मोठ्या भावासारखीच लागते, त्याच घराण्याचा चाप, तोच बोल्टचा फील. काडतुसं पैशात मिळतात, धक्का नाही, आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, पाठीच्या सॅकवर टेकवून, अशा सगळ्या तऱ्हांनी मारता येतं. बेंचवर बसून वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून एक इंचात गोळ्या मारणं याला शिकारीत काडीची किंमत नाही, डोंगरात बेंच नसतो. घरी रिकाम्या रायफलीने चाप ओढायचा सराव पण होतो, आजच्या मोठ्या काडतुसांच्या रायफलींना त्याने काही होत नाही, फक्त काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून मगच.

कायद्याचं सांगितलंच पाहिजे कारण आपल्या लोकांना हे नीट माहीत नसतं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझन असाल तर सरळ आहे, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म, बॅकग्राउंड चेक, आणि कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून किमान तीन दिवस थांबायचं मग रायफल हातात. एच-वन सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही, काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. पण मित्राने सांगितलं म्हणून जाऊ नका, इमिग्रेशनचा प्रश्न आहे, वकिलाला पैसे देऊन विचारा. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे आपल्या सगळ्यांनाच. रायफल सीझनमध्ये अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी, कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच, आणि डोक्यालाही तसलीच टोपी. गाडीत बसताना चेंबरमध्ये काडतूस ठेवायचं नाही.

आणि हे तर फ्रेम करून लावा : शिकारीची सॅक, जॅकेट, कुठलीही पिशवी भारतात जाताना सामानाला वापरायची नाही. एखादं काडतूस अस्तरात राहून गेलं आणि मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्ट, पोलीस स्टेशन, वकील, सगळी वरात. लोकांची अख्खी सुट्टी यात गेलेली आहे.

प्रत्यक्ष रानात कशी वागली ते सांगतो. परवान्यांच्या ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, मादीचा परवाना लागला होता, तिसरा रायफल सीझन, नोव्हेंबर, गुडघ्याच्या जरा खाली बर्फ. पहाटेपासून चढत होतो, रायफल पट्ट्याने खांद्यावर, स्कोप-रिंग्ज-पट्टा-काडतुसं सगळं धरून साडेतीन किलोच्या थोडी वर, आणि बरोबरच्या ऑफिसमधल्या दोस्ताची मॅग्नम त्याच्या लांब जाड नळीसकट पाचाच्या पुढे. दुपारपर्यंत तो दर वळणावर खांदा बदलत होता. ॲस्पनच्या झाडीच्या कडेला माद्यांचा कळप आडवा निघाला, अंतर मोजायच्या रेंजफाइंडरमध्ये १८० यार्ड. सॅक पुढे टाकली, त्यावर रायफल टेकवली, बोल्ट ओढला तर त्या थंडीतही तो दुकानातल्यासारखाच सरकला, याचं मला त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं. एक मादी कळपापासून सुटी होईपर्यंत थांबावं लागलं, मागे दुसरी उभी असेल तर गोळी आरपार जाऊन तिलाही लागते. सुटी झाली, खांद्याच्या मागे नेम धरला, चाप कधी तुटला ते कळलंच नाही. ती चाळीस-पन्नास पावलं चालली आणि बसली. खांद्याला धक्का लागल्याचं आठवत नाही, जनावर समोर असताना कोणालाच आठवत नाही, पण रेंजवर जो धक्का सोसवतो तोच तिथे चालतो.

त्याच्यापुढचं काम रायफलीचं नाही, सुरीचं आणि पाठीचं. मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे, पुढचे-मागचे चारही फरे, पाठीचे पट्टे, सगळं खाली आणायचं. तेव्हा तर दीड किलो कमी असलेल्या रायफलीला मी मनापासून हात जोडले. मटणाबद्दल विचाराल तर चरबी जवळजवळ नाही, कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या, कांदा-लसूण मसाला, तेल सढळ हाताने. तांबड्या रश्श्याला चालतो, पांढऱ्याला नाही, पांढऱ्याला बकराच लागतो.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सेफ्टीचा आणि मॅगझिनच्या किमतीचा कापला. ज्यांना लाकडाचा दस्ता, कोरीवकाम, पिढीजात ठेवा वगैरे पाहिजे त्यांना ही आवडणार नाही, ही अवजारासारखी दिसते आणि अवजारच आहे. ज्यांचं जनावर ग्रिझली अस्वल आहे, अलास्कात जायचंय, त्यांनी याच रायफलीत मोठं काडतूस बघावं, लाइटमध्ये नको, जड दस्त्याच्या मॉडेलमध्ये.

डावखुऱ्यांनाही टिक्का मिळते, फक्त सगळ्या काडतुसांत नाही आणि दुकानात बहुधा तयार नसते, मागवावी लागते. खरेदीला सप्टेंबरमध्ये जाऊ नका, सगळा गाव तेव्हाच जातो, चांगले कॅलिबर संपलेले असतात आणि काउंटरवरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, एप्रिलच्या सुरुवातीला ड्रॉच्या अर्जाची मुदत असते तोपर्यंत रायफल घरात असली म्हणजे अख्खा उन्हाळा सरावाला मिळतो.